रफ सेट: सरसकट गट न पाडता, शेजारावरून अंदाज कसा बांधायचा

‘परळला पाणी भरलंय’ असं कोणी फोनवर सांगितलं, तर ते परळच असेल याची खात्री मुंबईत कोणी देणार नाही. बोलणारा लोअर परळला उभा असू शकतो, प्रभादेवीच्या पुलाजवळ असू शकतो. पण ‘लोअर परळ’ असं म्हणणारा माणूस सहसा परळला नसतो. ज्याला ‘लोअर’ जोडायचं सुचतं, त्याला फरक ठाऊक असतो. म्हणजे घोटाळा एका बाजूने होतो, दुसऱ्या बाजूने होत नाही.

रफ सेट म्हणजे अपुऱ्या माहितीवरून एखाद्या संचाचा अंदाज बांधायची गणिती रीत. तिच्या मूळ मांडणीत अशा एकतर्फी घोटाळ्याला जागा नाही. तिथे दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या ओळखता येतात किंवा येत नाहीत, आणि ‘येत नाहीत’ हे दोन्ही बाजूंनी सारखंच लागू असतं. डेटावर काम करणारे पुष्कळ जण इथेच डेटा मुरगाळून मूळ मांडणीत बसवतात. मी या लेखात उलट करणार आहे: संबंध डेटातून जसा येतो तसाच घ्यायचा आणि सन्निकटनाची, म्हणजे अंदाजाची, व्याख्या त्याला बेतून घ्यायची. असं करताना कोणता नियम हातचा जातो आणि कोणता राहतो, हे आधीच माहीत असलं पाहिजे. तेही पाहू.

पदवीच्या पहिल्या वर्षापर्यंतचं संचगणित येत असेल तर पुढचं सगळं कागद-पेन्सिल घेऊन करता येईल. तसंच करा, कारण आकडे लहान ठेवले आहेत.

मूळ मांडणी, थोडक्यात

पोलंडचे झ्दिस्वाव पावलाक यांनी १९८२ साली रफ सेटची कल्पना मांडली. आपल्याकडे वस्तूंचा एक संच आहे, त्याला विश्व म्हणू. उपलब्ध माहितीनुसार ज्या वस्तू हुबेहूब सारख्या दिसतात त्या एका गटात जातात. मग आपल्याला हवा असलेला कुठलाही उपसंच घ्या. जे गट त्याच्यात पूर्णपणे मावतात त्यांचा मिळून होतो खालचा अंदाज, म्हणजे लोअर अ‍ॅप्रॉक्सिमेशन. जे गट त्याला निदान स्पर्श करतात त्यांचा मिळून वरचा अंदाज, म्हणजे अपर अ‍ॅप्रॉक्सिमेशन. दोन्हींमधला फरक म्हणजे सीमा. खालच्या अंदाजातलं ‘नक्की’, वरच्यातलं ‘शक्य’, सीमेवरचं ‘सांगता येत नाही’.

हे गट पडतात कारण संबंध इक्विव्हॅलन्सचा असतो. प्रत्येक वस्तू स्वतःशी जोडलेली (रिफ्लेक्सिव्ह), जोडणी दोन्ही बाजूंनी (सिमेट्रिक), आणि अ ला ब, ब ला क जोडलेला असेल तर अ ला क जोडलेला (ट्रान्झिटिव्ह). या तीन अटींपैकी एखादी सुटली की गट एकमेकांवर चढू शकतात. मग ‘गट’ म्हणण्यात अर्थ राहत नाही. त्याच्या जागी प्रत्येक वस्तूचा आपापला शेजार येतो.

पायरी १: विश्व ठरवा आणि प्रत्येकाचा शेजार लिहून काढा

पावसाळ्यात पाणी साचल्याच्या तक्रारींची एक कल्पित नोंदवही घेऊ. मुंबई महापालिकेच्या १९१६ या क्रमांकावर जशा तक्रारी येतात तशा, पण यातली माहिती सगळी मी उदाहरणासाठी रचलेली आहे. नोंदीत ठिकाण म्हणून जवळच्या रेल्वे स्टेशनचं नाव आहे. आठ नावं घेतली: दादर, प्रभादेवी, परळ, लोअर परळ, करी रोड, माटुंगा, माटुंगा रोड, किंग्ज सर्कल.

आता प्रत्येक नावापुढे एकच प्रश्न विचारायचा: नोंदीत हे नाव असेल तर खरं ठिकाण कुठकुठलं असू शकतं?

दादर: दादर, प्रभादेवी
प्रभादेवी: प्रभादेवी, परळ
परळ: परळ, प्रभादेवी, लोअर परळ
लोअर परळ: लोअर परळ, करी रोड
करी रोड: करी रोड
माटुंगा: माटुंगा, माटुंगा रोड, किंग्ज सर्कल
माटुंगा रोड: माटुंगा रोड
किंग्ज सर्कल: किंग्ज सर्कल, माटुंगा

यातली प्रत्येक ओळ कुठून आली ते सांगता आलं पाहिजे. प्रभादेवी वेस्टर्नवर आणि परळ सेंट्रलवर, पण दोन्ही पादचारी पुलाने जोडलेली. शिवाय प्रभादेवी हे नाव २०१८ पासूनचं, आधी ते एल्फिन्स्टन रोड होतं, त्यामुळे जुने लोक कधी एक म्हणतात, कधी दुसरं. लोअर परळच्या ऑफिसात जाणारे कित्येक जण उतरतात करी रोडला. माटुंगा सेंट्रलवर, माटुंगा रोड वेस्टर्नवर, किंग्ज सर्कल हार्बरवर, आणि बोलताना तिन्हींना ‘माटुंगा’ चालून जातं. पण ‘माटुंगा रोड’ म्हणणाऱ्याला माटुंगा रोडच म्हणायचं असतं.

ही यादी म्हणजेच आपला संबंध. या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगेन. पुढचं गणित यांत्रिक आहे. यादीत चूक असेल तर ते गणित ती चूक इमानदारीने शेवटपर्यंत वाहून नेईल.

पायरी २: संबंधाचे गुणधर्म तपासा, लादू नका

रिफ्लेक्सिव्ह आहे का? आहे. प्रत्येक नाव स्वतःच्या शेजारात आहे.

सिमेट्रिक? नाही. परळच्या शेजारात लोअर परळ आहे, लोअर परळच्या शेजारात परळ नाही.

ट्रान्झिटिव्ह? तेही नाही. दादर म्हणताना प्रभादेवी अभिप्रेत असू शकतं, प्रभादेवी म्हणताना परळ. पण दादर म्हणून परळ सांगणारा सापडणं कठीण.

इथे मोह होतो की दोन्ही अटी पूर्ण करून टाकाव्यात. उलट दिशेच्या जोड्या घालायच्या, साखळ्या जोडायच्या, की इक्विव्हॅलन्स तयार. करून पाहा. दादरपासून करी रोडपर्यंतची पाच स्टेशनं एका गटात जातात, माटुंग्याची तिन्ही दुसऱ्या गटात. समजा नंतरच्या पाहणीत कळलं की त्या दिवशी खरोखर पाणी साचलं होतं ते परळ, प्रभादेवी, लोअर परळ आणि किंग्ज सर्कल इथे. पहिला गट या संचात मावत नाही, दुसराही मावत नाही, आणि दोन्ही गट त्याला स्पर्श करतात. खालचा अंदाज रिकामा, वरचा अंदाज अख्खं विश्व. म्हणजे आठही नावांबद्दल उत्तर एकच: सांगता येत नाही.

यादीत जी माहिती होती ती आपणच पुसून टाकली. व्यवस्थित गटांसाठी मोजलेली ही किंमत मला कधीच पटलेली नाही.

पायरी ३: दोन्ही अंदाज काढा

व्याख्या आता अशी. पाणी साचलेल्या ठिकाणांच्या संचाला ‘पाणी’ म्हणू. ज्या नावाचा पूर्ण शेजार ‘पाणी’मध्ये मावतो ते नाव खालच्या अंदाजात. ज्याचा शेजार ‘पाणी’ला कुठेतरी छेदतो ते वरच्या अंदाजात.

एकेक ओळ घ्या. दादरच्या शेजारात दादर स्वतः कोरडं, प्रभादेवीत पाणी. म्हणून फक्त वरच्यात. प्रभादेवीचा शेजार प्रभादेवी आणि परळ, दोन्हींत पाणी, खालच्यात. परळच्या शेजारातल्या तिन्ही ठिकाणी पाणी, खालच्यात. लोअर परळच्या शेजारात करी रोड कोरडं, म्हणून फक्त वरच्यात. करी रोड आणि माटुंगा रोड कुठेच नाहीत. माटुंग्याच्या तिघांपैकी फक्त किंग्ज सर्कलला पाणी, म्हणून वरच्यात. किंग्ज सर्कलच्या शेजारात कोरडं माटुंगा असल्याने तेही फक्त वरच्यात.

खालचा अंदाज: प्रभादेवी, परळ.
वरचा अंदाज: दादर, प्रभादेवी, परळ, लोअर परळ, माटुंगा, किंग्ज सर्कल.
सीमा: दादर, लोअर परळ, माटुंगा, किंग्ज सर्कल.

अचूकता म्हणजे खालच्या अंदाजातली संख्या भागिले वरच्यातली: २/६, म्हणजे एक तृतीयांश. गट पाडून हीच अचूकता शून्य आली होती. डेटा तोच, पाणी तेच. आपण फक्त संबंधाला हात लावला नाही.

किंग्ज सर्कलकडे जरा थांबून पाहा. तिथे प्रत्यक्षात पाणी आहे, तरी ते खालच्या अंदाजात नाही. कारण खालचा अंदाज ठिकाणाबद्दल बोलतच नाही, तो नोंदीतल्या नावाबद्दल बोलतो: ‘किंग्ज सर्कल’ एवढं नाव ऐकून पाण्याची खात्री देता येत नाही. हा फरक नीट कळला तर पुढची पायरी सोपी जाते.

पायरी ४: शेजार कुठल्या दिशेचा, ते आधी ठरवा

संबंध सिमेट्रिक असतो तोवर दिशेचा प्रश्न येत नाही. तो सुटला की प्रत्येक वस्तूला दोन शेजार मिळतात. आपण वर वापरला तो उजवा शेजार: या नावावरून कुठकुठलं ठिकाण निघू शकतं. डावा शेजार उलटा: या ठिकाणासाठी कुठकुठलं नाव वापरलं गेलं असेल. यादी उलटी वाचली की तो मिळतो.

दादर: दादर
प्रभादेवी: दादर, प्रभादेवी, परळ
परळ: प्रभादेवी, परळ
लोअर परळ: परळ, लोअर परळ
करी रोड: लोअर परळ, करी रोड
माटुंगा: माटुंगा, किंग्ज सर्कल
माटुंगा रोड: माटुंगा, माटुंगा रोड
किंग्ज सर्कल: माटुंगा, किंग्ज सर्कल

त्याच चार नावांच्या संचाचे अंदाज डाव्या शेजारावरून काढा. खालचा येतो परळ आणि लोअर परळ. वरचा येतो प्रभादेवी, परळ, लोअर परळ, करी रोड, माटुंगा, किंग्ज सर्कल.

अचूकता पुन्हा २/६. नुसता आकडा पाहणाऱ्याला वाटेल की काही बदललं नाही. प्रत्यक्षात खालच्या अंदाजातून प्रभादेवी गेलं आणि लोअर परळ आलं. वरच्यातून दादर गेलं आणि करी रोड आलं. अचूकतेचा आकडा सारखा आला म्हणून दोन पद्धती सारख्या मानू नका.

कुठली दिशा बरोबर? ते प्रश्नावर ठरतं. हाती असलेला संच खऱ्या ठिकाणांचा असेल आणि नोंदवहीतल्या कुठल्या नावावर भरवसा ठेवावा हे हवं असेल, तर उजवा शेजार. हाती असलेला संच आज आलेल्या नोंदींचा असेल आणि पंप कुठे पाठवायचे हे हवं असेल, तर डावा. परळ, प्रभादेवी, लोअर परळ, किंग्ज सर्कल अशा चार नावांनी तक्रारी आल्या असतील, तर डाव्या शेजाराचा वरचा अंदाज म्हणजे या चार नावांच्या उजव्या शेजारांचा संयोग: जिथे पाणी असणं शक्य आहे अशी सहा ठिकाणं. त्यात करी रोड आहे, तक्रारीत त्याचं नाव नसूनही. दादर नाही, कारण या चारपैकी कुठल्याच नावाने दादर सांगितलं जात नाही.

खरं तर इथे विश्वं दोन आहेत, एक नावांचं आणि एक ठिकाणांचं. शब्द तेच असल्यामुळे ती एक वाटतात. गोंधळ होत असेल तर सरळ दोन याद्या करा आणि संबंध एकीकडून दुसरीकडे जाणारा ठेवा. कामाच्या डेटात मी हेच सुचवेन. तिथे पहिल्या यादीत नावांऐवजी प्रत्येक फोनची वेगळी ओळ ठेवता येते.

कोणता नियम कशावर उभा आहे

कॅनडातले यीयू याओ आणि अमेरिकेतले टी. वाय. लिन यांनी १९९० च्या दशकात हे सगळं पद्धतशीर मांडलं. मोडल लॉजिकशी, म्हणजे ‘अवश्य’ आणि ‘शक्य’ यांच्या तर्कशास्त्राशी, त्याचा थेट मेळ बसतो: खालचा अंदाज म्हणजे ‘अवश्य’, वरचा म्हणजे ‘शक्य’. वापरणाऱ्याच्या दृष्टीने त्यातलं मोलाचं हे, की संबंधाचा प्रत्येक गुणधर्म नेमक्या एका नियमाशी बांधलेला आहे, दोन्ही बाजूंनी: गुणधर्म असेल तर नियम टिकतो, आणि नियम टिकत असेल तर गुणधर्म असतोच.

संबंध कसाही असला तरी काही गोष्टी टिकतात. संच वाढवला तर दोन्ही अंदाज लहान होत नाहीत. दोन संचांच्या छेदाचा खालचा अंदाज म्हणजे त्यांच्या खालच्या अंदाजांचा छेद. संयोगाचा वरचा म्हणजे वरच्यांचा संयोग. आणि द्वैत: खालचा अंदाज हवा असेल तर पूरक संचाचा वरचा काढून त्याचा पूरक घ्या. आपल्या उदाहरणात कोरडी ठिकाणं दादर, करी रोड, माटुंगा, माटुंगा रोड. त्यांच्या वरच्या अंदाजात प्रभादेवी आणि परळ सोडून बाकी सगळी येतात. पूरक घेतला की पुन्हा प्रभादेवी, परळ.

खालचा अंदाज संचाच्या आत आणि संच वरच्याच्या आत, हा नियम रिफ्लेक्सिव्हवर उभा आहे. आपल्याकडे तो आहे.

संच हा त्याच्या वरच्या अंदाजाच्या खालच्या अंदाजात बसतो, हा नियम सिमेट्रीवर. आपल्याकडे सिमेट्री नाही, आणि नियम मोडतोही: लोअर परळला पाणी आहे, पण त्याच्या शेजारातलं करी रोड वरच्या अंदाजात नाही, त्यामुळे वरच्याचा खालचा काढताना लोअर परळ गळतं.

खालच्या अंदाजाचा पुन्हा खालचा अंदाज काढला तर तोच मिळतो, यासाठी रिफ्लेक्सिव्हच्या जोडीला ट्रान्झिटिव्ह लागतं. आपल्याकडे काय होतं ते पाहण्यासारखं आहे. प्रभादेवी आणि परळ यांचा खालचा अंदाज काढा: परळच्या शेजारात लोअर परळ आहे, ते या संचात नाही, म्हणून परळ गेलं. उरलं प्रभादेवी. पुन्हा काढा: प्रभादेवीच्या शेजारात परळ आहे, ते आता नाही. उरलं काहीच नाही. ज्यांच्या प्रोग्रॅममध्ये हा अंदाज एखाद्या लूपमध्ये पुनःपुन्हा काढला जातो त्यांनी हे आधी तपासावं. ट्रान्झिटिव्हिटी नसताना ‘नक्की’वर पुन्हा ‘नक्की’ची चाळणी लावली की उत्तर झिजत जातं.

रिफ्लेक्सिव्ह आणि ट्रान्झिटिव्ह दोन्ही असतील, उदाहरणार्थ पाणी उताराने कुठून कुठे जातं असा संबंध, तर खालचा अंदाज हा टोपॉलॉजीतला अंतर्भाग, म्हणजे कड सोडून उरलेला आतला भाग, ठरतो. मग झिजण्याचा प्रश्न राहत नाही. सिमेट्री नसली तरी चालते.

रिकामा शेजार: सगळ्यात जास्त दगा इथे होतो

एखाद्या नोंदीत ठिकाण फक्त ‘स्टेशनबाहेर’ असं लिहिलंय. ते कुठल्याच स्टेशनाशी जोडता आलं नाही म्हणून शेजार रिकामा ठेवला. आता व्याख्या लावा. रिक्त संच प्रत्येक संचात मावतो, म्हणून ही नोंद प्रत्येक संचाच्या खालच्या अंदाजात. रिक्त संच कशालाही छेदत नाही, म्हणून ती कशाच्याही वरच्या अंदाजात नाही. जिच्याबद्दल आपल्याला काहीच कळत नाही ती नोंद ‘नक्की पाणी’ आणि ‘नक्की कोरडं’ दोन्ही ठरली, आणि ‘शक्य’ काहीच नाही.

गणित चुकलेलं नाही. खालचा अंदाज वरच्याच्या आत राहण्यासाठी प्रत्येकाचा शेजार निदान एका वस्तूचा असावा लागतो. याला सीरियल संबंध म्हणतात. माहिती नसेल तर शेजार रिकामा ठेवू नका, अख्खं विश्व ठेवा. काहीही माहीत नसणं म्हणजे काहीही शक्य असणं. मग ती नोंद आपोआप सीमेवर जाते, आणि तिची जागा तिथेच आहे.

ठिपक्याने मोजायचं की शेजाराने

आतापर्यंत आपण एकेक नाव आत घ्यायचं की नाही हे विचारलं. दुसरी रीत अशी, की ज्यांचे शेजार पूर्ण मावतात ते शेजार अख्खेच्या अख्खे उचलून त्यांचा संयोग करायचा. संच एकमेकांवर चढणाऱ्या तुकड्यांनी झाकायची ही कल्पना झाकोव्स्की यांनी १९८३ सालीच मांडली होती.

आपल्याकडे प्रभादेवीचा आणि परळचा शेजार मावतो. संयोग: प्रभादेवी, परळ, लोअर परळ. तीन झाले. वरचा अंदाज द्वैताने काढला तर तीच सहा नावं येतात, म्हणजे अचूकता ३/६. पण कोणी वरचा अंदाज ‘छेदणाऱ्या सगळ्या शेजारांचा संयोग’ असा घेतला, तर आठही नावं येतात आणि अचूकता ३/८ वर घसरते. एकाच नावाखाली या दोन्ही व्याख्या वापरलेल्या आढळतात. दुसऱ्याचे आकडे आपल्या आकड्यांशी ताडताना त्याने कुठली घेतली हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

या रीतीत उत्तर झिजत नाही, पुन्हा काढलं तरी तेच राहतं. पण बदल्यात छेदाचा नियम जातो. एक संच घ्या परळ, प्रभादेवी. दुसरा दादर, प्रभादेवी. पहिल्यात प्रभादेवीचा शेजार पूर्ण मावतो, दुसऱ्यात दादरचा, त्यामुळे दोन्हींचे खालचे अंदाज ते स्वतःच. त्यांचा छेद प्रभादेवी. पण नुसत्या प्रभादेवीत मावेल असा शेजार कुठलाच नाही, म्हणून छेदाचा खालचा अंदाज रिकामा.

माझं मत असं: उत्तर प्रत्येक नोंदीबद्दल हवं असेल तर पहिली रीत, कारण तिचे नियम कुठल्याही संबंधावर टिकतात. उत्तर इलाख्यांबद्दल हवं असेल तर दुसरी.

शेजार अंतरावरून काढत असाल तर

आकड्यांचा डेटा असला की शेजार बहुधा अंतरावरून ठरवला जातो. ठरावीक अंतराच्या आतले सगळे घेतले तर संबंध रिफ्लेक्सिव्ह आणि सिमेट्रिक असतो, ट्रान्झिटिव्ह नसतो. ‘जवळचे पाच’ अशा पद्धतीने घेतले तर सिमेट्रीही जाते, कारण माझ्या जवळच्या पाचांत तुम्ही असाल, तुमच्या पाचांत मी असेनच असं नाही. तेव्हा चौथ्या पायरीतला दिशेचा प्रश्न इथेही उभा राहतो.

नकाशावरचं अंतर हाच शेजार, असं मुंबईत तरी गृहीत धरू नका. २६ जुलै २००५ ला चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच काळात कुलाब्याला ७५ मिलिमीटरच्याही आत. पुरेसा मोठा पल्ला धरून ज्याने ही दोन केंद्रं एका शेजारात बसवली असतील, त्याच्या खालच्या अंदाजातून त्या दिवशी सांताक्रूझही बाहेर पडलं असतं. पल्ला वाढवला की शेजार मोठे होतात, खालचा अंदाज आक्रसतो, वरचा फुगतो. त्यामुळे एकच पल्ला ठरवून थांबू नका. दोनचार पल्ले घेऊन सीमा कुठे एकदम पसरते ते पाहा.

कडक अट सैल करायची असेल

शेजारातली एक वस्तू बाहेर राहिली की खालच्या अंदाजातून हकालपट्टी, हे गोंगाटाच्या, म्हणजे किरकोळ चुका मिसळलेल्या, डेटाला फार कडक पडतं. झियार्को यांनी १९९३ साली यावर प्रमाणाचा उतारा दिला: शेजाराचा किती हिस्सा संचात आहे ते मोजा आणि उंबरठा ठरवा. आपल्या यादीत प्रभादेवी आणि परळ १, दादर, लोअर परळ आणि किंग्ज सर्कल १/२, माटुंगा १/३, बाकी दोन शून्य. उंबरठा ०.६ ठेवला तर खालचा अंदाज पूर्वीचाच. ०.५ वर आणला की एका दमात तीन नावं आत येतात. शेजार लहान असले की उंबरठा असा टप्प्याटप्प्याने उडी मारतो, म्हणून दोन-तीन वस्तूंच्या शेजारांवर ही पद्धत वापरून बारीक निष्कर्ष काढू नयेत. छेदाचा नियमही इथे टिकेलच असं नाही.

एका नावाला एकाहून जास्त शेजार देण्याचीही सोय आहे. लिन यांच्या ‘नेबरहूड सिस्टिम’ची कल्पना तीच. जुना रहिवासी ‘परळ’ म्हणतो तेव्हा परळ किंवा प्रभादेवी, नवखा नोकरदार म्हणतो तेव्हा परळ किंवा लोअर परळ. दोन वेगळे शेजार, आणि त्यातला एक जरी मावला तरी परळ खालच्या अंदाजात. बोलणारे कोण आहेत हे नोंदीतून कळत असेल तरच या वाटेला जा, नाहीतर दोन्हींचा संयोग करून एकच शेजार ठेवणं प्रामाणिकपणाचं.

प्रोग्रॅम लिहिताना

प्रत्येक शेजार शून्य-एकाच्या रांगेत ठेवा, लक्ष्य संचही (आपल्याकडे ‘पाणी’) तसाच. खालच्या अंदाजासाठी एकच तपासणी: शेजारात आहे पण संचात नाही असं काही उरतं का? वरच्यासाठी: दोन्हींत आहे असं काही सापडतं का? डाव्या शेजारासाठी तक्ता आडव्याचा उभा करायचा. पायथॉनमध्ये तयार ‘सेट’ वापरलेत तर लक्षात ठेवा, रिकामा सेट कशाचाही उपसंच आहे का या प्रश्नाचं उत्तर नेहमी ‘हो’ येतं. वर सांगितलेला दगा इथूनच गुपचूप शिरतो. म्हणून तक्ता भरल्यावर रिकामी ओळ आढळली तर प्रोग्रॅमने तिथेच थांबून ओरडावं.

तपासणीसाठी आठ वस्तूंचं विश्व फार सोयीचं. उपसंच फक्त २५६, ते सगळे पडताळता येतात. द्वैत प्रत्येक उपसंचावर लागू झालंच पाहिजे. छेदाचा नियम सगळ्या ६५,५३६ जोड्यांवर. आणखी एक चाचणी मला विशेष आवडते: एकेका वस्तूचा संच देऊन उजव्या शेजारावरून वरचा अंदाज काढा. तो नेमका त्या वस्तूचा डावा शेजार असायला हवा. आठही वस्तूंवर हे जुळलं तर तक्ता आणि दिशा दोन्ही ठीक आहेत.

सीमेवरच्या नोंदींचं काय करायचं

सीमा म्हणजे पुढे काय विचारायचं याची यादी. नियम साधा आहे: शेजार लहान केला तर खालचा अंदाज कमी होत नाही आणि वरचा वाढत नाही. म्हणून सीमेवरच्या नोंदीचा शेजार एखाद्या प्रश्नाने लहान करता येतो का ते पाहायचं.

सुरुवात माटुंग्यापासून करावी असं मी म्हणेन, कारण तिथे शक्यता तीन आहेत आणि प्रश्न एकच पुरतो: ‘सेंट्रल, वेस्टर्न की हार्बर?’ उत्तर ‘हार्बर नाही’ एवढंच मिळालं तरी शेजारातून किंग्ज सर्कल जातं, उरलेली दोन्ही ठिकाणं कोरडी आहेत, आणि माटुंगा वरच्या अंदाजातून बाहेर पडतं. अचूकता २/५ होते. लोअर परळची नोंद असेल तर ‘उतरलात कुठल्या स्टेशनवर?’ हे विचारावं. ‘लोअर परळ’ म्हणाले तर नोंद खालच्या अंदाजात, ‘करी रोड’ म्हणाले तर वरच्यातूनही बाहेर. दादरसाठी ‘प्रभादेवी स्टेशन जवळ पडतं का?’ आणि किंग्ज सर्कलसाठी ‘माटुंगा नाही, हार्बरचंच स्टेशन ना?’ इतकं पुरेल. फोन घेणाऱ्याच्या टेबलावर या चार नावांपुढे हे चार प्रश्न छापून ठेवता येतात, आणि ज्या नावांच्या शेजारात एकच ठिकाण आहे, म्हणजे करी रोड आणि माटुंगा रोड, तिथे काही विचारायची गरज नाही.